आजींना लिहून दिलेले वास

आश्विन लागला की आमच्या टेकडीचा रंग रोज थोडा थोडा उतरतो. भाद्रपदात ती इतकी हिरवी असते की नुसतं बघून डोळे थंड होतात. मग एका सकाळी वर जावं तर गवताची टोकं पिवळी झालेली दिसतात, आणि आठ दिवसांत सगळी टेकडी धुऊन धुऊन विटलेल्या सतरंजीसारखी होते. मला तीच जास्त आवडते. हिरवी टेकडी सगळ्यांची असते. लोक फोटो काढायला येतात, पोरं बाटल्या टाकून जातात. विटली की गर्दी कमी होते.

मी कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी राहते आणि सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते. पहिलं घर सातचं असतं. मी साडेपाचला निघते. घरी सांगते, कामाला जाते. ते खोटं नाही, टेकडी वाटेत आहे एवढंच.

वर पोचेपर्यंत उजाडू लागलेलं असतं. खाली शहर दिसत नाही, विरजण लागल्यासारखं धुकं बसलेलं असतं आणि त्यातून एखाद्या उंच बिल्डिंगचं टोक वर आलेलं असतं. बसचा हॉर्न वाजतो तो फार लांबून, पाण्याखालून वाजल्यासारखा. जुन्या खाणीत पाणी साठलंय, त्यावरून धुरासारखी वाफ निघते. मोर ओरडतो, दिसत मात्र नाही. दगडावर बसले की दगड गार लागतो, आणि अर्ध्या तासात ऊन आलं की तोच दगड हळूहळू कोमट होतो, कोणी तरी नुकतंच उठून गेल्यासारखा. तो बदल अंगाला कळावा म्हणून मी हलत नाही. मग साडीला लागलेली कुसळं वेचत खाली उतरते. सगळी कधीच निघत नाहीत. दिवसभर पोळ्या लाटताना एखादं पोटरीला टोचतं आणि मला टेकडी आठवते.

सातचं घर आजींचं. आजी शाळेत शिकवायच्या, आता ऐंशीला आल्यात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीसमोर सप्तपर्णीचं झाड. एकट्या राहतात. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हा मुलाने सांगून ठेवलं होतं की आता आणखी काही झालं तर मी तुला इकडे घेऊन येणार. आजी मला म्हणाल्या होत्या, "तिथे विसाव्या मजल्यावर राहतो तो. खिडकी उघडायची नाही असं लिहिलेलं आहे खिडकीवर."

या वर्षी श्रावणात आजींना ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना त्यांच्या नाकातला वास घेऊन गेला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरांशिवाय त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मला कळलं ते गणपती झाल्यावर, पितृपंधरवड्यात. सकाळी बेल वाजवली, आजींनी दार उघडलं, आणि गॅसचा भपकारा आला. आजी हसून म्हणाल्या, "ये." मी चप्पल न काढता आत धावले. त्यांनी चहा केला होता. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, आणि त्या कप भरून पेपर वाचत बसल्या होत्या. बटण चालूच. गॅलरीचं दार उघडं होतं म्हणून निभावलं. मी बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, दिवा लावू दिला नाही. मग खाली बसले.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. 

"तुला आला होय वास?" त्यांनी विचारलं.

"दाराबाहेर आला, आजी."

"मला कशाचाच येत नाही. ताप आल्यापासून. डॉक्टर म्हणतात, कधी कधी परत येतो. रोज दोन-चार ओळखीचे वास घ्या म्हणतात, नाकाला आठवण राहते." मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. घेऊन जाईल तो मला."

मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायलाही भीती वाटत होती. शेवटी मी शेगडीकडे बघत म्हणाले की मी निघताना सिलिंडरचा कॉक बंद करून जाईन, संध्याकाळी परत येऊन दूध तापवीन, मधल्या वेळात तुम्ही शेगडी पेटवायची नाही. चहा थर्मासमध्ये ठेवीन.

"थर्मासचा चहा," आजी म्हणाल्या. "म्हणजे हॉस्पिटलात गेल्यासारखंच झालं." पण कबूल झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी टेकडीवरून काहीतरी आणायला लागले. रानतुळशीचा तुरा, घाणेरीचं पान, दवाने भिजलेली मूठभर माती, सोनकीची फुलं. आजी डोळे मिटून हुंगायच्या, आणि मान हलवायच्या.

"अगं, हे नुसतं नाकाशी धरून काही होत नाही. कशासारखा आहे ते सांग. मग मी तिकडे शोधते."

मला तोंडाने सांगता येईना. कोणी माझ्याकडे बघत वाट पाहायला लागलं की माझे शब्द घशातच राहतात, लहानपणापासून तसंच आहे. आजींना ते ठाऊक होतं. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या पाठीमागे बोट ठेवलं. "लिही मग. चौथी झालीस ना? पुष्कळ झालं."

मी कणीक भिजवून झाकून ठेवली आणि ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. पहिला वास मला अजून आठवतो. 'वाळायला लागलेलं गवत. नवीन चटई उलगडल्यावर येतो तसा. पण चटईचा घरातला असतो, हा उघड्यावरचा.' आजींनी चष्मा लावून वाचलं, गवत नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशाच बसल्या. वास आला नाही. पण म्हणाल्या, "चटई मात्र दिसली. आमच्या शाळेत शिशुवर्गाला होत्या."

मग रोज एक चिठ्ठी. मला टेकडीवर आता नुसतं बसून राहता येईना. वास शोधत फिरायचे आणि तो कशासारखा आहे ते मनात घोळवत उतरायचे. घाणेरीच्या पानाला मी लिहिलं, 'कैरीचा चीक आणि त्यात थोडं रॉकेल.' दवाच्या मातीला लिहिलं, 'पावसाळ्यातली माती ओरडते, ही पुटपुटते.' सकाळचं पहिलं ऊन लागलेल्या दगडाला वास असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तो इस्त्रीच्या कपड्याच्या जवळचा आहे, पाण्याचा हबका मारल्यानंतरचा. दगड काही आणता येईना, म्हणून नुसती चिठ्ठी आणली. आजींनी ती चिठ्ठीच हुंगली. आम्ही दोघी खूप हसलो.

वस्तीच्या कोपऱ्यावर बाई उकडलेल्या शेंगा विकते, त्यांचीही एक चिठ्ठी झाली. मंडईतून झेंडू आणला, त्याची झाली. माझ्या घरी गोधडी उन्हात टाकली होती, ती संध्याकाळी घडी करताना तिच्यात तोंड खुपसलं आणि मनात आलं, आता हे कसं लिहू. ते दिवस मला फार बरे गेले. एरवी दिवस येतात आणि जातात, त्या महिन्यात मात्र प्रत्येक दिवसाला काहीतरी नाव होतं.

अडचण झाली ती सप्तपर्णीमुळे. नवरात्राच्या आसपास ते झाड फुलतं, आणि संध्याकाळी त्याचा इतका जड, गोड वास सुटतो की काहींचं डोकं उठतं. आजी दरवर्षी सोसायटीला अर्ज द्यायच्या की फांद्या छाटा. या वर्षी झाड पांढरं झालं तरी अर्ज नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या सोसायटीचं सगळं बघतात आणि ज्यांच्याकडेही माझं काम आहे, त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "काय आजी, यंदा झाडाशी समझोता झाला वाटतं?"

"अर्ज ऐकून ऐकून झाडच दमलं असेल, म्हटलं एक वर्ष सुट्टी द्यावी," आजी म्हणाल्या.

वहिनी हसत वर गेल्या. आजी दार लावून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "फुललंय होय ते?" त्यांनी मला विचारलं. गॅलरीतून त्यांना त्याची फुलंही नीट दिसत नव्हती. मी त्या दिवशी सप्तपर्णीची चिठ्ठी लिहिली. 'लग्नाच्या कार्यालयात शेवटी शेवटी येतो तसा. अत्तर, कोमेजलेला गजरा, आणि घरी जाऊन झोपावं असं वाटतं.' आजी म्हणाल्या, "हेच अर्जात लिहायला हवं होतं."

आणि मग भोंडला आला. सोसायटीत नवरात्रात एक दिवस करतात. संध्याकाळी पाच वाजता, खाली पार्किंगमध्ये. पाटावर तांदळाने हत्ती काढतात, भोवती बायका आणि मुली फेर धरतात, गाणी म्हणतात. शेवटी खिरापत. ज्यांच्या घरची खिरापत असेल त्या डबा झाकून आणतात आणि आत काय ते इतरांनी ओळखायचं. मुली डबा हलवून आवाज ऐकतात, गोड की तिखट विचारतात. पण खरी गंमत आजींची असायची. त्या दोन हात लांबून, बंद डब्याच्या नुसत्या वासावरून सांगायच्या. एकदा म्हणे त्यांनी नुसतं 'सुरळीच्या वड्या' असं नाही, 'सुरळीच्या वड्या, फोडणीत मोहरी जळली आहे' असं सांगितलं होतं. सगळ्या जणी आजींना हरवायला म्हणून अवघड खिरापत करतात.

वहिनींची खिरापत दरवर्षी मीच करते. या वर्षी त्यांनी दडपे पोहे सांगितले. "गार पदार्थ आहे, वास सुटणार नाही. आजींची परीक्षा," असं म्हणाल्या, आणि नेहमीसारखं बजावलं, "खाली आजींकडे बोलायचं नाही हं."

माझ्याकडून कधी कुठल्या घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेलेली नाही. पंचवीस वर्षं मी तेवढ्यावर काम करते आहे. पण भोंडल्याच्या सकाळी आजी काही मागत नव्हत्या. नुसत्या गॅलरीत बसून होत्या, आणि मला म्हणाल्या, "डोकं दुखतं म्हणून वर राहिले तर?" मी पोळ्या केल्या. ओटा पुसला. मग चिठ्ठी लिहिली. टेकडीवरचं काही नव्हतं त्यात. 'वहिनींचा डबा पहिला. दडपे पोहे. ओलं खोबरं, लिंबू, कच्चा कांदा, वरून हिंगाची फोडणी.' ताटाखाली ठेवली आणि निघाले.

संध्याकाळी फेर चांगला रंगला. ऊन तिरकं होऊन पार्किंगमध्ये आलं होतं, मुलींच्या परकरांचे रंग भिंतीवर फिरत होते. मी खांबाशी उभी होते, डबे सांभाळायला. खिरापतीची वेळ झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी घाई केली, मुलीचा क्लास होता. म्हणून त्यांचा डबा आधी आला. हे ठरलं ते फेराच्या दुसऱ्या टोकाला, आजींना कळलं नाही. वहिनीच डबा घेऊन आजींसमोर उभ्या राहिल्या, नेहमी त्याच धरतात. आजींना वाटलं, त्यांचाच.

त्या डब्यात बटाटेवडे होते. नुकते तळलेले, लसूण घातलेले. वास गेटपर्यंत गेला होता. वॉचमनसुद्धा मान वळवून बघत होता. लहान मुली तोंडावर हात धरून हसत होत्या, कारण ओळखायला काही उरलंच नव्हतं.

मी खांबामागून आजींना खूण करायचा प्रयत्न केला. त्यांनी डोळे मिटले होते. लांब श्वास घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "दडपे पोहे. ओलं खोबरं सढळ आहे."

सगळ्या खो खो हसायला लागल्या. त्यांना वाटलं, आजींनी टोमणा मारला. इतका सोपा डबा आणला म्हणून.

"अहो आजी, गरम आहेत हो अजून," सूनबाई जरा हिरमुसून म्हणाल्या.

कोणी म्हणालं, "आजींना वडे म्हणजे पोह्यांइतकेच, असं म्हणायचंय."

आजीही हसल्या. पण मांडीवरचा पदर त्या बोटांनी पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या, ते मी पाहिलं. इतक्या जणींना कळलेली गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नाही, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या समजत होतं.

हसल्या नाहीत त्या फक्त वहिनी. त्यांनी डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"दडपे पोहे हे नाव त्यांना सुचलं कसं हो? तुम्ही सांगितलंत?"

मी खाली बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण नेहमीचं झालं.

"इतकी वर्षं विश्वासाने घरात वावरता. एवढीशी गंमत, तीही राखता येत नाही? उद्यापासून मला विचार करावा लागेल."

"तिला काय विचारता," आजी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "मला विचारा. मला वास येत नाही. श्रावणापासून. तुमच्या वड्यांचा नाही, त्या झाडाचा नाही, कशाचाच नाही. मला लाज वाटत होती म्हणून तिने सांगितलं. मी मागितलंही नव्हतं. आता तुमचे पोहे आणा, मला भूक लागली आहे."

पोहे वाटले गेले. बायका हळू बोलत होत्या. वहिनी माझ्या हातात पहिली वाटी देऊन गेल्या. मी आजींना जिन्याने वर नेलं.

वर गेल्यावर आजी म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्याकडे त्याचा नंबर आहे. आज नाही तर उद्या फोन करेल, चांगल्या मनानेच करेल. त्याआधी मीच करते."

फोन स्पीकरवर ठेवला होता. आजींनी तापापासून सगळं सांगितलं, शाळेत हजेरी घ्यावी तसं, न थांबता. फक्त गॅसची गोष्ट गाळली.

"आई, मी तिकीट काढतो. दिवाळीला ये, आणि आता कायमचीच ये."

"कायमचं तिकीट मिळतं? रेल्वेने नवीन काढलं असेल."

"चेष्टा नको. वास येत नाही म्हणजे गॅसचं काय? पोळ्यांच्या ताई आहेत का तिथे? त्यांना दे."

आजींनी फोन माझ्यापुढे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही, गॅलरीकडे तोंड केलं. इथे लिहून देता येणार नव्हतं.

मी सांगितलं. दूध उतू गेलं तो दिवस सांगितला, तो सांगायचा नव्हता तरी सांगितला. कॉक कसा बंद करते ते सांगितलं, थर्मास सांगितला, संध्याकाळची फेरी सांगितली. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "महिनाभर तुम्हाला कळवलं नाही, ती माझी चूक झाली," असं म्हणाले.

पलीकडून तो म्हणाला, "मग तुम्हीच सांगा. तिला एकटीला ठेवू का मी?"

"गॅस ठेवू नका," मी म्हणाले. "आजींना ठेवा."

तो पुढच्याच आठवड्यात आला. तीन दिवस राहिला. मी काम करायचे तेव्हा तो ओट्याजवळ उभा राहून बघायचा, मला फार अवघडायला व्हायचं. दूध तो स्वतः ठेवायचा आणि आईला हाक मारून विचारायचा, "कसला वास येतोय?" "तुझा येतोय," असं आजी म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी त्याने विजेची शेगडी आणली, आपोआप बंद होणारी. तिसऱ्या दिवशी सिलिंडर परत गेला. जाताना म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत बघू. वहिनींनी सांगितलं की रोज दुपारी एकदा त्या डोकावतील. आजी म्हणाल्या, "डोकावा. पण बेल वाजवून."

त्या शेगडीवर पोळी फुगत नाही. मी तवे बदलून पाहिले. आजी ती पोळी उचलून उजेडात धरतात आणि म्हणतात, "टिकाऊ आहे." मग खातात.

ओट्याखाली सिलिंडर होता तिथे जागा रिकामी झाली होती. दिवाळीच्या आधी आजींनी सासवडच्या फळवाल्याकडून कच्ची सीताफळं घेतली आणि त्या जागेत टोपलीत गवत घालून पिकायला ठेवली. गवत मी टेकडीवरून नेलं होतं. एका सकाळी दार उघडताच मला पिकल्याचा वास आला. मी कागदासाठी कॅलेंडरकडे हात नेला, तर आजी म्हणाल्या, "थांब, सांगू नकोस."

त्या खाली पाटावर बसल्या. टोपली पुढे ओढली. एकेक सीताफळ हातात घेऊन अंगठ्याने हलकेच दाबून बघायला लागल्या, फळाच्या डोळ्यांमधल्या फटी बोटाने चाचपत. दोन बाजूला ठेवली, एक परत गवतात गेलं. चौथ्याला अंगठा जरा आत गेला. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून उघडलं आणि अर्धं माझ्यापुढे केलं.

"पोळ्या नंतर कर," म्हणाल्या.

मी तिथेच खाली बसले.